राहेलबाईंची एकतीस पाकिटं

बाई,

सोमवार, १५ फेब्रुवारी १९९९. ठिकाण रोहा, वेळ दुपारी सव्वातीन. तुमच्या मातीला हवे होते दहा पुरुष, हजर नऊ.

तुमच्याकडे मातीच्या वेळी म्हणायची ती कद्दीश प्रार्थना तुमच्याच धर्माचे दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणत नाहीत, हे मला तुम्हीच कधीतरी सांगितलं होतंत. रोह्यातले चार, पेणचे दोन, नागोठण्याचा एक, अलिबागेकडचे दोन. मी आणि तुमच्या शेजारच्या सुलभावहिनींचे यजमान धरले तर अकरा होत होतो, पण आम्हाला धरायचं नव्हतं. प्रार्थना वाचणाऱ्या सायमनकाकांनी दहाव्या माणसासाठी चाळीस मिनिटं वाट पाहिली. दिवा जंक्शनहून गाडी आली, तिच्यातून तुमच्याकडचं कोणी उतरलं नाही. मग त्यांनी पुस्तकातलं बाकीचं वाचलं, त्या पानापाशी आले, थांबले आणि पान उलटलं.

मी कुंपणाच्या भिंतीला लागून उभा होतो. मला राग आला. एका माणसानं असा काय फरक पडणार होता? मनात म्हटलं, मला धरा. तुमच्या हाताखाली शिकलोय, तुमचं मीठ खाल्लंय, मला एक धरा.

सत्तावीस वर्षं शाळेच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या लोकांना मी सांगत आलोय की एका दिवसानं फरक पडतो, एका गुणानं फरक पडतो, तारीख म्हणजे तारीख. त्या दिवशी मला स्वतःला सवलत हवी होती. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघत म्हणाला असतात, "काय दत्ता, आता कसं?"

आपलं भांडण अर्धवट राहिलं, म्हणून हे लिहितोय. तुम्हाला वाचता येणार नाही हे मला माहीत आहे.

भांडण सुरेशवरून होतं. माझा धाकटा भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तुमच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसणारा. बोटीवर खलाशी म्हणून लागला तेव्हा त्याच्या करारावर जामीन म्हणून मी सही केली. नव्वद साली इटलीत जिनोआ बंदरात बोट लागली, हा उतरला आणि परत चढलाच नाही. कागद नाही, परवाना नाही, तसाच तिथे राहिला. जामिनाची रक्कम मी भरली. ती किती हे तुम्हाला मी नऊ वेळा सांगितलंय, दहाव्यांदा सांगत नाही. पैशापेक्षा सहीचं दुःख जास्त होतं. माझी सही खोटी पडली, हे आयुष्यात एकदाच घडलं आणि ते त्यानं घडवलं. पुढच्या वर्षी त्याचं पहिलं पत्र पेणला आलं. मी त्यावर ‘घेण्यास नकार’ असं लिहून पोस्टमनच्या हाती परत दिलं. आमची आई, माई, ओट्यावर बसून बघत होती.

मला वाटलं, तो विषय तिथे संपला.

सात वर्षांनी, गेल्या दिवाळीच्या आधी, तुमचं कार्ड आलं. ‘रविवारी ये. भिंग घेऊन ये.’ जुन्या प्रवेश-नोंदवह्या वाचायला मी भिंग वापरतो ते तुम्हाला ठाऊक होतं. मला वाटलं तुमच्या चष्म्याचं काही असेल. आलो तर टेबलावर ताट, ताटात पाणी, बाजूला वह्या आणि पाकिटांचा गठ्ठा. वरच्याच पाकिटावर सुरेशचं अक्षर.

"बस," तुम्ही म्हणालात. "आधी चहा घे. मग चीड."

त्यानं तुमच्या पत्त्यावर लिहायला सुरुवात केली होती, कारण दुसरा पत्ता त्याच्याकडे नव्हता. सात वर्षांत एकतीस पत्रं. आता तिथल्या सरकारनं जाहीर केलं होतं की कागदाशिवाय राहणारे जे लोक ठराविक तारखेच्या आधीपासून देशात आहेत आणि कामाला आहेत, त्यांनी पुरावा द्यावा, त्यांना रीतसर परवाना मिळेल. पुरावा कुठून आणायचा? लपून राहणारा माणूस आपल्या राहण्याचा पुरावा ठेवत नाही. तिथल्या कामगार संघटनेतल्या एका बाईनं त्याला विचारलं, घरी पत्रं लिहायचास का? त्या पाकिटांवर आमच्या इटलीच्या पोस्टाचे शिक्के असतील, त्यावर तारीख असेल.

पाकिटं होती, पण स्टॅम्प नव्हते. निवृत्तीनंतर तुम्ही शेजारपाजारच्या मुलांचा स्टॅम्प जमवण्याचा वर्ग चालवायचात. परदेशी पाकीट आलं की ते पाण्यात भिजवायचं, स्टॅम्प अलगद सोडवायचा, वर्तमानपत्रावर वाळवायचा आणि वहीत डकवायचा. सुरेशचे सगळे स्टॅम्प असेच सुटले होते. आणि शिक्का म्हणाल तर अर्धा स्टॅम्पवर, अर्धा पाकिटावर. दिवस पाकिटावर राहिलेला, साल वहीत गेलेलं.

"माझ्या हातानं त्याच्या पुराव्याचे दोन तुकडे केले मी," तुम्ही म्हणालात. "तुझ्याशिवाय हे कोण जुळवील?"

मी तेव्हाच सांगितलं, "बाई, मी फक्त जुळणी करीन. असल्या माफीला माझा पाठिंबा नाही."

"नको देऊस. भिंग काढ."

सलग चार रविवार आपण बसलो. वहीतून एकोणीस स्टॅम्प निघाले. बारा तुम्ही मुलांना वाटले होते, त्यातले पाच तुम्ही दारोदार जाऊन परत मागून आणलेत. दिलेली वस्तू परत मागायची तुम्हाला किती लाज वाटली असेल, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. स्टॅम्पच्या कडेचे दाते आणि पाकिटावर राहिलेली गोंदाची चौकट, शिक्क्याच्या वर्तुळाचा हा भाग आणि तो भाग. एक जुळायला कधी दहा मिनिटं लागायची, कधी तास. चोवीसपैकी बावीस जुळले. पाकिटं तुम्ही उलगडून पाठकोरी बाजू सामानाच्या याद्यांना वापरलेली.

"इटलीच्या पोलिसांना कळणार, तुम्ही पाव किलो चिंच घेतली होतीत," मी म्हटलं.

"कळू दे. महाग होती तेव्हा."

आणि जुळवता जुळवता भांडण. मी म्हणायचो, आमच्या आळीतला एक मुलगा तीन वर्षं परदेशी व्हिसाच्या रांगेत उभा आहे, त्याचं काय? रांगेत उभा राहिला तो मूर्ख ठरला आणि मागच्या दारानं शिरला त्याला खुर्ची मिळाली. शिवाय हे एकदा करून थांबत नाही. शाळेत प्रवेशाची तारीख आम्ही एका वर्षी आठ दिवस वाढवली. दुसऱ्या वर्षी निम्मे पालक त्या आठ दिवसांतच उगवले. देशाचंही तेच होणार. आज माफ केलेत, उद्या पुढची तुकडी त्याच आशेवर येणार.

तुम्ही हे उडवून लावलं नाहीत. "हे खरं हाय," म्हणालात. मग जरा वेळानं, "त्या उशिरा आलेल्या पोरांना तू शाळेबाहेर ठेवलंस?"

"नाही. विलंब शुल्क घेऊन प्रवेश दिला."

"मग?"

"शाळा आणि देश एक नाही, बाई."

"नाय. पण बाहेर ठेवलेलं पोर दोन्हीकडं सारखंच. सात वर्षं त्यांच्या गोठ्यात गायी धुतोय तो. त्यांनी दूध प्यायलं की नाय? दूध पिताना कुणी कागद मागितला नाय. आजारी पडला तर दवाखान्यात जायची भीती, मालकानं पगार बुडवला तर चौकीत जायची भीती. अशी भ्यालेली माणसं देशात ठेवून देशाचं भलं होतं का, ते सांग."

"मग पाठवून द्यावं परत."

"पाठवावं. पहिल्या वर्षी पाठवावं. सात वर्षं काम करून घेतल्यावर नाय."

मग तुम्ही लिझीचं काढलंत. तुमची मुलगी इस्रायलला गेली, विमानातून उतरली आणि ज्यू म्हणून लगेच तिथली नागरिक झाली. "माझ्या लिझीनं कुठली रांग लावली? तिनं काय केलं होतं? जन्माला आली, एवढंच. आणि सुऱ्यानं सात वर्षं हाडं घासली, तर तो चोर."

"तो त्यांचा कायदा आहे."

"कायदाच हाय. मी कुठं म्हणते मोडा? कायद्यातच एखादं दार ठेवता येतं, एवढंच म्हणते. शेवटी तुझ्या पडवीला ठेवलंच की."

ते मला लागलं. आमची पडवी सार्वजनिक रस्त्यात तीन फूट पुढे आलेली होती, वडिलांच्या काळापासून. पुढे अतिक्रमणं नियमित करण्याचा ठराव झाला, तेव्हा दंड भरून मी ती कायम करून घेतली. पावती फाईलला आहे. मी म्हटलं, तिथे मी राजरोस दंड भरलाय. तुम्ही म्हणालात, "तोही भरील. विचार त्याला." मी जुळलेलं पाकीट बाजूला ठेवलं आणि पुढचं घेतलं.

तिसऱ्या रविवारी ते पाकीट हाती आलं. ब्याण्णव सालचं. मागच्या यादीत तांदूळ, खोबरं, रॉकेल, आणि खाली, ‘माई – निडीची दोन तिकिटं’. शेजारी बरोबरची खूण. मी दुसरं पाकीट उलटलं. तीच नोंद. तिसऱ्यावर तीच.

माझ्या आईची बहीण निडीला, रोह्याच्या अलीकडच्या स्टेशनला. माई अधूनमधून मावशीकडे जायची. मीच तिला पेण स्टेशनवर सोडायचो, निडीचं जाण्यायेण्याचं तिकीट काढून हातात द्यायचो.

"ही आमची माई?"

"तुझीच."

पत्र आलं की तुम्ही निडीला मावशीकडे निरोप धाडायचात, मावशी माईला बोलावून घ्यायची. माई गाडीत बसायची, निडी आलं की उतरायची नाही, पुढे रोह्याला तुमच्याकडे. तुम्ही पत्र वाचून दाखवायचात. "दोनदा वाचायला लावायची. ‘राहेल गो, ते थंडीचं परत वाच,’ म्हणायची. त्याला स्वेटर मिळाला की नाय, तेवढंच तिचं राजकारण."

मी विचारलं ते वेगळंच. "एका माणसाला दोन तिकिटं कशाला?"

तुम्ही जरा हसलात. "एक रोह्याहून निडीपर्यंत परत जायचं. दुसरं काढून फाडून टाकायचं. येताना ती निडीपुढे बिनतिकिटाची आलेली असायची ना. रेल्वेचं बुडवायचं नाय."

"टीसीनं धरलं असतं तर?"

"धरलंन एकदा. ‘बाबा, निडी कधी गेलं मला कळलंच नाय,’ म्हणाली. त्यानं सोडून दिलंन."

माझी माई. दुकानदारानं चार आणे जास्त दिले तर उलट पावली परत जाणारी. सतरा पाकिटांवर सतरा नोंदी होत्या. पंच्याण्णवच्या पावसाळ्यानंतर नाहीत, कारण तेव्हा माई गेली. सुरेश आला नाही. येता आलं नाही, कारण कागदाशिवाय तिथून निघाला असता तर परत शिरता आलं नसतं, आणि धरला गेला असता तर इथेही चौकशी. मी लोकांना सांगितलं, तो बोटीवर आहे. हे तुम्हाला मी कधीच बोललो नाही, बाई. मीही खोटं सांगितलं, आणि त्याचं तिकीट काढून फाडलेलं नाही.

भिंग टेबलावर ठेवून मी अंगणात जाऊन उभा राहिलो. तुम्ही बाहेर आला नाहीत. मला हवा तेवढा वेळ दिलात. परत आलो तेव्हा म्हणालात, "तिला तुला सांगायचं होतं. मीच म्हटलं, थांब, दत्ता स्वतः विचारील. ती माझी चूक झाली." मी विचारणाऱ्यातला नव्हतो. तुम्ही माझी किंमत जरा जास्त केलीत.

नोव्हेंबरात बावीस पाकिटं, त्यांवर त्यांचे स्टॅम्प पुन्हा जागच्या जागी ठेवून, रजिस्टरनं रवाना झाली. वर वर्षवार यादी मी केली, माझ्या अक्षरात, पण खाली सही केली नाही. तुम्ही ते पाहिलंत.

मग आपला तो शेवटचा रविवार, चोवीस जानेवारीचा. तुम्हाला खोकला होता, गळ्याभोवती मफलर. मी निघालो, चपला घातल्या. तुम्ही दारापर्यंत आलात.

"इटलीचं सरकार करायचं ते करील," म्हणालात. "तुझ्या घरची तारीख कधीची, दत्ता?"

मी म्हटलं, "बघू."

तीन आठवडे झाले आणि सुलभावहिनींचा शाळेत फोन आला. इतक्या वर्षांत इतक्या शब्दांनी तुमच्याशी भांडलो, आणि शेवटी तुमच्याकडे काय ठेवून आलो तर ‘बघू’.

सायमनकाकांना मी मातीच्याच दिवशी विचारलं, राहिलेली प्रार्थना नंतर म्हणता येते का. ते म्हणाले, तिसाव्या दिवशी जमतात, तेव्हा म्हणता येईल, पण दहा हवेत. मी म्हटलं, दहावा मी आणतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ‘कुठून’ असं विचारलं नाही. पेण, पोयनाड, वडखळ सगळीकडे विचारलं. शेवटी कळलं की डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे एक क्रेनवाला आहे, ठाण्याचा, तुमच्या लोकांपैकी. मी गेटबाहेर त्याची शिफ्ट सुटेपर्यंत बसलो. तिशीचा माणूस, तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. म्हणाला, "एका दिवसाचा खाडा होईल." मग म्हणाला, "बाई शिक्षिका होत्या का? येतो." १६ मार्चला दहा झाले. सायमनकाकांनी पान उलटलं नाही. मी पुन्हा भिंतीपाशीच उभा होतो. या खेपेला राग आला नाही. नियम होता तिथेच होता आणि माणूस आत आला होता. तुम्ही इतके रविवार हेच सांगत होतात का, ते मला अजून नक्की कळलेलं नाही. पुढच्या तुकडीचा माझा मुद्दा मी मागे घेतलेला नाही. त्याला तुमच्याकडेही पुरतं उत्तर नव्हतं. ते भांडण आता मला एकट्यालाच, दोन्ही बाजूंनी, चालवावं लागेल, आणि तुमची बाजू मला तुमच्याइतकी चांगली मांडता येत नाही.

निघताना सुलभावहिनींनी पाकीट दिलं. "आठ दिवस झाले येऊन. बाईंच्या नावाचं हाय. कुणाला देऊ?" सुरेशचं अक्षर. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी आयुष्यात कधी उघडलेलं नाही. तुमच्या ओट्यावर बसून मी ते उघडलं.

परवाना मिळाला, बाई. फोटो लावलेलं कार्ड. तो लिहितो की साहेबानं पाकिटं उलटी करून बघितली आणि हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. यानं सांगितलं, आमच्या बाईंची वाण्याची यादी. साहेब हसला आणि बाजूच्या टेबलावरच्याला बोलावून दाखवली. वर्षवार यादीकडे बघून यानं माझं अक्षर ओळखलं. ‘खाली सही नाही, पण सातला आडवी रेघ दादाच मारतो.’ मग शेवटी, ‘मे महिन्यात यायचं म्हणतो. दादाला विचारू नका, त्याला अडचणीत टाकायला नको. तुम्हीच सांगा, मी पेणला उतरू की निडीला मावशीकडे जाऊ?’

ते पत्र तुम्ही मला वाचून दाखवलं असतंत. कदाचित दोनदा.

हिशेब पुरा करतो. सतरा नोंदींपैकी सोळांपुढे बरोबरची खूण होती. एका यादीत, चौऱ्याण्णवच्या जूनमधल्या, खूण नव्हती. फाडायचं तिकीट त्या दिवशी राहून गेलं असावं. ती बिनखुणेची यादी माझ्याकडेच आहे, तिचा स्टॅम्प मिळाला नाही म्हणून ती इटलीला गेली नाही. १६ मार्चला संध्याकाळी रोहा स्टेशनच्या खिडकीवर मी निडीचं एक तिकीट घेतलं आणि फलाटावर फाडून टाकलं. रुपये चार, रेल्वेला.

दुसऱ्या दिवशी पेण पोस्टात, जिनोआच्या पत्त्यावर एक रजिस्टर पत्र. आत तुमची बातमी, आणि खाली, ‘पेणला उतर. मी स्टेशनवर आहे.’ त्याखाली माझी पूर्ण सही. रुपये एकोणतीस, खिडकीवरच्या कारकुनाला. त्याला म्हटलं, शिक्का जरा नीट उमटवा, अर्धा स्टॅम्पवर, अर्धा पाकिटावर. तो म्हणाला, तसाच मारतो आम्ही. तरी मी थांबलो आणि त्यानं मारलेला बघितला.